जुनी खांदेदुखी: घरी करायचे व्यायाम, कुठून सुरू करायचं आणि किती करायचं

उत्तरायण आणि वासी उत्तरायण (संक्रांत आणि तिचा दुसरा दिवस) असे दोन दिवस अगाशीवर हात वर धरून पतंगाची दोरी ओढली की जानेवारीत बडोद्यातल्या फिजिओंकडे खांदेवाल्यांची गर्दी होते, नवरात्रात गरब्यानंतर पण तेच. पण त्यातले बरेचसे काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, हे त्यांच्यासाठी नाहीये. हे लिहितेय ते ज्यांचं दुखणं तीन महिने उलटले तरी जात नाही, वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ येते, त्या कुशीवर झोपता येत नाही, आणि घरचे म्हणतात हात हलवू नकोस, आराम दे. जुन्या खांद्याला नुसता आराम देऊन काही होत नाही हो, स्नायू अजून कमजोर होतात आणि मग साध्या कामाला पण दुखतं. त्याला बेताबेताने काम द्यावं लागतं.

आधी हे बघा. पडल्यावर एकदम हात उचलेनासा झाला असेल, खांदा लाल गरम होऊन ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, हाताला मुंग्या येऊन पकड सुटत असेल तर व्यायाम नंतर, डॉक्टर आधी. आणि खांद्यात दुखतंय सोबत छातीत दाब, घाम, धाप असं असेल तर व्यायाम, शेक काही करत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

आता आपला खांदा कुठल्या प्रकारचा ते ओळखा, कारण इथेच जास्त गोंधळ होतो, शेजारच्या काकूंचा व्यायाम आपण करतो आणि दुखणं वाढवून घेतो. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. मग हात सैल सोडून घरातल्या कुणाला तरी तोच हात हळूच बाहेर न्यायला सांगा. दुसऱ्याने नेला तरी जातच नसेल तर खांदा आखडलाय, बहुतेक फ्रोजन शोल्डर, हा चाळीस ते साठ वयात आणि डायबेटिसवाल्यांत जास्त दिसतो म्हणून शुगर तपासून घ्याच, आणि सांध्याची झीज नाही ना हे बघायला डॉक्टर एक्सरे सांगतील तो पण काढा. दुसऱ्याने नेला की जातोय पण स्वतः जोर लावला की दुखतंय, तर बहुतेक वेळा रोटेटर कफच्या शिरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर, टेंडन) दुखावलेल्या असतात. रोटेटर कफ म्हणजे खांद्याचे चार छोटे स्नायू, हाडाचा गोळा खोबणीत नीट धरून ठेवायचं काम त्यांचं.

आखडलेल्या खांद्यासाठी: गरम शेक घ्या दहा मिनिटं. मग टेबलावर चांगला हात टेकून पुढे वाका आणि दुखरा हात लोंबता सोडून अंग हलवून त्याला झुलवा, हाताने जोर लावायचा नाही. मग डायनिंग टेबलवर फडकं ठेवून त्यावर हात पुढे सरकवा, जितका जाईल तितकाच. मग उताणं झोपून दोन्ही हातात काठी धरा, कोपर अंगाशी, आणि चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा हात बाहेर न्या. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून दोनतीनदा. रात्रीची झोप उडवणारं दुखणं चालू असेल त्या काळात मात्र ताणाताणी बिलकुल नको. आणि मन तयार ठेवा, याला वर्ष दोन वर्ष पण लागतात, कुणी जोरात हात पिरगाळून एका दिवसात मोकळा करतो म्हणाला तर जाऊ नका.

शिरावाल्या खांद्यासाठी पहिले दोन आठवडे भिंत पुरे. कोपर काटकोनात, बगलेत घडी केलेला नॅपकिन, पंजाची मागची बाजू भिंतीला लावून बाहेर दाबा, हात हलणार नाही फक्त जोर, तीस सेकंद, पाच वेळा, रोज. सहन व्हायला लागलं की थेराबँड (व्यायामाचा ताणायचा रबरी पट्टा) घ्या, आधी हलका पिवळा, मग लाल, मग हिरवा. खिडकीच्या गजाला बांधा आणि तसंच कोपर चिकटवून बाहेर ओढा, दहा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सोबत दोन्ही कोपरं मागे ओढून पाठीचे स्नायू आवळायचे, आणि भिंतीवरचे पुशअप. मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन हात समोर आणि बाजू यांच्या मधल्या रेषेत, अंगठा वर ठेवून खांद्यापर्यंत उचला, आणि उतरवताना चार सेकंद लावा.

किती दुखलं तर चालतं? दहापैकी तीन चारपर्यंत चालतं, घाबरू नका, पण दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा कालच्या सारखाच असला पाहिजे. सकाळी जास्त ठणकत असेल तर बंद नाही करायचं, फेऱ्या निम्म्या करायच्या. जुन्या दुखण्यात सगळं याच्यावरच चालतं, आणि फरक कळायला बारा आठवडे द्या, तिसऱ्या आठवड्यात काही होत नाही म्हणून सोडणारे फार आहेत.

एमआरआयमध्ये "टेअर" (म्हणजे शीर फाटलीय) शब्द वाचून लोक घाबरून जातात. साठीच्या पुढे काही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या खांद्यात पण तसे टेअर सापडतात. आणि शिरेवरचं हाड घासून जागा करायचं जे ऑपरेशन आहे ना, त्याची खोट्या ऑपरेशनशी (दुर्बीण घालून नुसतं बघायचं, हाड घासायचं नाही) तुलना करणारा ब्रिटनमधला अभ्यास 2018 मध्ये लान्सेटमध्ये आला, दोघांत कामापुरता फरक दिसला नाही. पडून शीर पूर्ण तुटली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सर्जनला लवकर भेटा.

तेल मालीश आवडत असेल तर करा, बरं वाटतं, पण व्यायामाच्या जागी नाही. झोपताना चांगल्या कुशीवर, पुढे उशी, त्यावर दुखरा हात.

इथल्या दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या, म्हणजे जुन्या आखाड्याच्या, परंपरेत वाढलेले लोक विचारतात मुद्गल (फिरवायचं जड लाकडी वजन) कधी. मुद्गल छानच, पण तो डोक्यामागून फिरतो, म्हणून हात न दुखता कानापर्यंत वर जायला लागला आणि एक किलोची बाटली तीन फेऱ्या आरामात उचलली की मगच, आणि सगळ्यात हलका, दोन्ही हातांनी धरून, उस्तादांना खांद्याचं आधी सांगून.