मराठी भाषकाने इंग्रजीचे ध्वनी कसे आत्मसात करावेत

इंग्रजी उच्चार सुधारायचे ठरवले की बहुतेक जण जिभेच्या व्यायामाला लागतात. पण जो फरक कानाला ऐकू येत नाही, तो जिभेला करता येत नाही. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात केलेल्या प्रयोगांत इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील ६ ते ८ महिन्यांची बाळे हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखत होती, परंतु १० ते १२ महिन्यांपर्यंत ही क्षमता बरीच ओसरलेली दिसली. आपल्याला तो भेद झोपेतही कळतो. मात्र इंग्रजीतील व्ही आणि डब्ल्यू ऐकताना आपण अडखळतो, कारण आपल्या कानाने त्या दोघांसाठी एकच ‘व’चा कप्पा केलेला असतो.

म्हणून प्रथम कामाचा आवाका ठरवावा. ब्रिटिश प्रमाण उच्चारात साधारणपणे २४ व्यंजने आणि २० स्वर मानले जातात. त्यांपैकी म, न, ब, ग, ल यांसारख्या ध्वनींवर मराठी माणसाने वेळ घालवण्याचे कारण नाही. मेहनत लागते ती व्ही-डब्ल्यू, टीएच, झेड, काही स्वर आणि आघात, म्हणजे शब्दातील एखाद्या भागावर दिला जाणारा जोर, यांवर.

त्यानंतर कान तयार करावा. एकाच ध्वनीने भिन्न होणाऱ्या शब्दांच्या जोड्या घ्याव्यात: व्हेस्ट-वेस्ट, शिप-शीप. शब्दकोशातील ध्वनिमुद्रणे दुसऱ्या कुणाला तरी उलटसुलट क्रमाने वाजवायला सांगावे, कोणता शब्द होता ते ओळखावे आणि उत्तर लगेच पडताळावे. आवाज मात्र वेगवेगळ्या माणसांचे असावेत. लोगन, लाइव्हली आणि पिसोनी या संशोधकांनी १९९१ मध्ये जपानी भाषकांना ‘र’ आणि ‘ल’ यांतील भेद याच पद्धतीने, अनेक वक्त्यांचे आवाज ऐकवून शिकवला होता. शिप-शीप ऐकताना केवळ ऱ्हस्व-दीर्घावर विसंबू नये. पहिल्या शब्दात जीभ थोडी खाली आणि सैल असते, आणि मुख्य फरक तोच आहे.

आता तोंडाकडे वळावे. परभाषेच्या उच्चारांचे अभ्यासक जेम्स फ्लेगी यांच्या मांडणीनुसार अगदी नवख्या ध्वनीपेक्षा आपल्या ध्वनीसारखा भासणारा ध्वनी अधिक फसवतो, आणि देवनागरी या फसवणुकीला हातभारच लावते. ‘व्हॅन’ लिहिताना आपण ‘व’ला ‘ह’ जोडतो, पण इंग्रजी व्हीमध्ये ‘ह’ नसतोच. खालच्या ओठाची आतली कड वरच्या दातांना टेकवून आवाज सुरू ठेवावा; भुणभुण लांबवता आली तर उच्चार जमला. डब्ल्यूसाठी ‘ऊ’ म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू करावा आणि दातांचा स्पर्श टाळावा. झेडच्या जागी आपण ‘झाड’मधला ‘झ’ वापरतो, पण त्याच्या आरंभी जीभ हवा अडवते. त्याऐवजी लांब ‘स्स्स’ म्हणता म्हणता गळ्यातून आवाज काढावा. गळ्यावर बोट ठेवले तर कंप जाणवतो.

एका बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत. शब्दाच्या सुरुवातीला, आघात असलेल्या अवयवात (म्हणजे सिलेबलमध्ये), इंग्रजी प, ट, क महाप्राण होतात, म्हणजे त्यांच्यासोबत श्वासाचा झोत सुटतो. हा श्वास नसेल तर आपला ‘पिन’ इंग्रजी कानाला ‘बिन’ वाटू शकतो. ‘कॅट’ म्हणताना ‘ख’कडे थोडे झुकावे, ‘स्कूल’ म्हणताना झुकू नये; अल्पप्राण-महाप्राण भेद मातृभाषेतच असल्याने हे पटकन जमते.

सर्वाधिक वेळ आघाताला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत अवयव बरेचसे समान वजनाने उच्चारले जातात, तर इंग्रजीत एक अवयव ठळक होतो आणि शेजारचे स्वर आखडून अस्पष्ट ‘अ’सारखे होतात. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर येतो. नवा शब्द वहीत टिपताना त्याच्या अर्थाआधी आघाताची खूण करावी. स्पेलिंगवर भिस्त ठेवू नये. ‘वॉक’च्या भूतकाळात शेवटी फक्त ‘ट’ ऐकू येतो, ‘एड’ नाही.

वेळ अपुरा असेल तर टीएच सर्वांत शेवटी घ्यावा. त्यात जिभेचे टोक दातांशी नेऊन हवा न अडवता सोडायची असते, तर आपल्या ‘थ’मध्ये ती अडते. पण आयर्लंडमध्येही अनेक जण तेथे ‘त’-‘द’सारखे ध्वनी वापरतात आणि त्यांचे बोलणे समजण्यात फारशी अडचण येत नाही.