बेटावर घर बांधताय? मग शोषखड्डा खणायच्या आधी हे वाचा

माझी मावसबहीण लग्न करून मॉरिशसला गेली, नवरा तिकडचाच मराठी, त्यांचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेले. आता ते पश्चिम किनाऱ्यावर घर बांधतायत, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. परवा तिचा फोन आला, दादा तू इंदूरमध्ये इतकी वर्षं ड्रेनेजचीच कामं केलीस, मिस्त्री म्हणतो दहा फूट खड्डा खणू, खाली सगळा फुटका काळा दगड आहे, पाणी मस्त जिरून जातं, करू ना? मी म्हटलं अजिबात नको, आधी मी सगळं नीट लिहून काढतो. ते हे.

"मस्त जिरतं" हाच तर घोटाळा आहे. आपल्या माळव्याखालचा काळा दगड आणि मॉरिशसचा दगड हे नात्यातलेच आहेत बरं का. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला असं मानतात, त्याच जागेने पुढे मॉरिशस उभं केलं, आणि आज ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. पण आपल्याकडे दगडावर बऱ्याच ठिकाणी हातभर तरी काळी माती आणि मुरूम आहे, पाणी त्यातून हळूहळू गाळून जातं. तरीसुद्धा आमच्या कॉलनीत एका जुन्या शोषखड्ड्यापासून चाळीस फुटांवरच्या बोरिंगला पावसाळ्यानंतर वास यायला लागला होता आणि शेवटी ती बोरिंग बंदच करावी लागली. बेटावर तर किनाऱ्याजवळ माती अगदी पातळ, खाली भेगा आणि लाव्हाने सोडलेल्या पोकळ नळ्या. तिथे खड्डा गाळत काहीच नाही, तो समुद्राला जोडलेला पाइप असतो.

हवाईतल्या माउई बेटाचं उदाहरण बघा. लाहायनाच्या सरकारी प्लँटचं पाणी, तेही प्रक्रिया केलेलं, खोल विहिरींतून जमिनीत सोडायचे. संशोधकांनी त्यात रंग टाकला तर 84 दिवसांनी तो किनाऱ्याजवळच्या समुद्रात निघाला. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2020 मध्ये कोर्टाने म्हटलं की जमिनीतून फिरून गेलं तरी ते थेट समुद्रात सोडल्यासारखंच असेल तर परवाना लागणारच. हवाईत घरोघरचे असे कच्चे खड्डे 80 हजारांच्या वर आहेत, 2016 पासून नवे खणायला बंदी आहे आणि जुने 2050 पर्यंत बदलायचा कायदा झालाय. म्हणजे आज खड्डा खणून उद्या बदलायचा खर्च करण्यापेक्षा आत्ताच नीट करा ना.

पहिलं काम, ओहोटीला किनाऱ्यावर जा आणि गुडघाभर पाण्यात चाला. मध्येच पाय गार पडला किंवा पाणी तेलासारखं थरथरताना दिसलं की समजायचं तिथे जमिनीखालचं गोडं पाणी वर येतंय. मॉरिशसला फ्लिक-आँ-फ्लाकच्या उथळ समुद्रात असं पाणी येतं, त्याचा अभ्यास झालेला आहे. तुमच्या प्लॉटसमोर असे झरे असतील तर तुम्ही जमिनीत जे सोडाल ते तिथूनच बाहेर येणार, आणि मुलं तिथेच खेळतात.

दुसरं, जितक्या खोलवर पाणी जिरवायचं तिथे हातभर खड्डा करा, रात्री पाण्याने भरून ठेवा, सकाळी पुन्हा सहा इंच भरा आणि एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. तासापेक्षा जास्त लागला तर जमीन पाणी घेतच नाही, पण मिनिटाच्या आत उतरलं तर ते जास्त वाईट, तिथे काहीच गाळलं जाणार नाही. मिस्त्री लोक इथे खूश होतात, तुम्ही होऊ नका. खाली पाणी कुठे लागतं तेही बघा, भरतीला आणि पावसाळ्यात, जिरवायच्या तळापासून ते कमीत कमी एक मीटर तरी खाली पाहिजे.

मग सगळी प्रक्रिया दगडाच्या वर करायची, एवढंच सूत्र. सेप्टिक टँक दोन कप्प्यांची, तळासकट पक्की, आत पाणी दीड-दोन दिवस थांबलं पाहिजे, पाणी आत येतं आणि बाहेर जातं त्या दोन्ही तोंडांना टी पाइप, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा, त्याने वरची साय पाण्याबरोबर पुढे जात नाही. बांधून झाली की पूर्ण भरून 24 तास ठेवा, पातळी उतरली तर गळतेय, प्लॅस्टर पुन्हा करून घ्या, पैसे त्याच्यानंतरच द्या. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं, त्यामुळे सळीवर काँक्रीटचं कव्हर जाड ठेवायला सांगा. गाळ आणि वरची साय मिळून एक तृतीयांश टाकी भरली की उपसायची, साधारण दोन-तीन वर्षांनी. आणि सक्शनची गाडी तो मैला कुठे नेऊन ओतते ते विचाराच, जरूर पडली तर तिच्या मागे जा. उसाच्या शेतात किंवा नाल्यात ओतत असेल तर तुमची टाकी असून काही उपयोग नाही.

पण टाकी म्हणजे अर्धंच काम. टाकीतून निघणाऱ्या पाण्यात जंतू आणि नायट्रोजन भरपूर असतो, नायट्रोजनमुळे शेवाळ वाढतं आणि प्रवाळ त्याखाली गुदमरतो, आणि प्रवाळाची भिंत गेली की लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात. म्हणून पुढे वाळूचा उंच वाफा करा, दोन फूट तरी जाड, पाणी छोट्या पंपाने थोडं थोडं, थांबून थांबून सोडायचं म्हणजे वाळूला मधे हवा मिळते. समुद्राची वाळू घेऊ नका, मॉरिशसला 2001 पासून ती काढायला बंदी आहे आणि ते बरोबरच आहे, काळ्या दगडाची क्रश सँड मिळते ती धुऊन वापरा. त्याच्या खाली प्लॅस्टिकवर लाकडाच्या भुशाचा ओला थर ठेवला तर तिथले जीवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. जागा असेल तर दुसरा उपाय म्हणजे गिट्टीचा वाफा, खाली प्लॅस्टिक, वर कर्दळ किंवा वाळा, उष्ण हवेत माणशी दोनेक चौरस मीटर धरा, आणि पाहुण्यांची गर्दी धरून हिशोब करा, फक्त घरच्या चौघांचा नाही.

एक सोपी गोष्ट लोक विसरतात. घरच्या सांडपाण्यातला साधारण 80 टक्के नायट्रोजन एकट्या लघवीत असतो. ती वेगळी काढणारं भांडं बसवलं आणि पाणी मिसळून केळीला घातली तर अर्ध्याहून जास्त लढाई तिथेच जिंकली. बाथरूमचं पाणीही केळीच्या आळ्याला द्या. छपराचं पावसाचं पाणी मात्र टाकीत कधीच सोडू नका, नोव्हेंबर ते एप्रिल तिथे वादळांचा मोसम, एका रात्रीत सगळा गाळ उचलून बाहेर येईल.

शेजाऱ्यांना गोळा करणं हे सगळ्यात अवघड, पण करा. आपल्या इंदूरला कान्ह आणि सरस्वती नदीत पडणारे घराघरांचे पाइप एकेक शोधून ड्रेनेजला जोडले, तेव्हा कुठे 2021 मध्ये देशात पहिल्यांदा वॉटर प्लसचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेशिवाय नदी-नाल्यात न सोडणाऱ्या शहराचा, सरकारी दर्जा मिळाला. काम अजून संपलेलं नाही, कान्ह पुढे क्षिप्रेला मिळते आणि आपली घाण उज्जैनला जाते हे मला आजही बोचतं. पण पद्धत तीच, आधी नकाशा, कोणाचा पाइप कुठे जातो. दहा-पंधरा घरांनी मिळून एक टाकी आणि एक वाफा केला तर खर्चही वाटला जातो. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यात, समुद्राच्या पाण्याचा नमुना लॅबला द्या आणि एन्टेरोकोकाय मोजायला सांगा, हे आतड्यातले जीवाणू, पाण्यात मैला मिसळल्याची खूण, खाऱ्या पाण्यात ते ई-कोलाय या दुसऱ्या तशाच जीवाणूपेक्षा जास्त टिकतात. अमेरिकेत पोहायच्या पाण्यासाठी सरासरी 100 मिलिलिटरला 35 ही मर्यादा धरतात.

फरक पडतो का, असं बहिणीने विचारलं. पडतो. हवाईच्याच ओआहू बेटावर कानेओहे खाडीत पडणारं सांडपाणी 1977-78 मध्ये खाडीबाहेर खोल समुद्रात वळवलं, आणि प्रवाळ झाकून टाकणारं हिरवं शेवाळ पुढच्या काही वर्षांत बरंच ओसरलं.

आणि मिस्त्रीने तो दहा फुटी खड्डा आधीच खणला असेल, वापरातही आला असेल, तर तसाच झाकून वर फरशी घालू नका. आधी नवी टाकी चालू करा, मग जुना पूर्ण उपसून घ्या, चुना टाका, गिट्टी आणि मातीने ठासून भरा, आणि त्याच्याकडे जाणारा पाइप कापून तोंड काँक्रीटने बंद करा, नुसता बूच मारून सोडू नका.