मुलांच्या मानसोपचार वार्डात नवे आहात? आधी या चुका टाळा

नर्सिंगची नवी बॅच वार्डात येते तेव्हा बहुतेकांच्या वहीत 'ट्रॉमा इन्फॉर्म्ड केअर'च्या, म्हणजे आघात सोसलेल्या माणसाला सांभाळून घेण्याच्या पद्धतीच्या, नोट्स असतात. एक दिवसाची कार्यशाळा झालेली असते, चहा-बिस्किटं झालेली असतात, सर्टिफिकेटही मिळालेलं असतं. अमेरिकेतल्या साम्सा या सरकारी संस्थेनं 2014 साली मांडलेली चार सूत्रं सगळ्यांना तोंडपाठ: आघात किती जणांच्या वाट्याला आलेला असतो हे जाणा, त्याच्या खुणा ओळखा, त्याप्रमाणे वागा, आणि त्याच जागी पुन्हा घाव घालू नका. पहिली तीन कागदावर सोपी आहेत. चौथ्याची परीक्षा रात्री साडेआठला होते. ताटं वाजत असतात, एक शिफ्ट घरी निघायच्या घाईत असते, दुसरीनं अजून पेशंटची नावंसुद्धा वाचलेली नसतात. तिथं घसरतात. दरवर्षी त्याच जागी घसरतात, म्हणून हे लिहिते आहे.

'पेशंट अचानक हिंसक झाला'

केस पेपरवर हे वाक्य दिसलं की मी आधीच्या अर्ध्या तासाचा हिशोब मागते. त्या अर्ध्या तासात कुणीतरी काहीतरी केलेलं असतंच, आणि ते लिहिलेलं नसतं.

एक प्रसंग सांगते. ओळख लागू नये म्हणून थोडा बदलला आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, सोळाच्या आसपासचा मुलगा. घरात मराठी, शाळा मराठी. कन्नड समजायचं, बोलायला अडखळायचा. कानात आवाज येतात म्हणून घरच्यांनी आधी एका देवस्थानाच्या आवारात नेऊन ठेवलं होतं आणि तिथं त्याला पायात साखळी घालून बांधलेलं होतं. हे सगळं अ‍ॅडमिशनच्या कागदात लिहिलेलं होतं, दुसऱ्याच पानावर. पोरगा शांत. दुपारी जेवला, गोळी घेतली.

संध्याकाळी नव्या ब्रदरनं, म्हणजे पुरुष नर्सनं, झडती घेतली. बेल्ट काढला, बुटाच्या नाड्या काढल्या, खिशातली किल्ली काढली. मुलानं सगळं दिलं. मग ब्रदरला मनगटावरचा काळा दोरा दिसला. "दोरा चालत नाही इथं," एवढंच म्हणून त्यानं ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री उचलली. मुलानं हात मागं ओढला. "सोडा की ओ, आज्जीनं बांधलाय." ब्रदर मागं वळून दोघांना म्हणाला, "हिडीरी." धरा. एवढं कन्नड त्या पोराला पक्कं कळत होतं.

पुढं काय झालं ते वेगळं सांगायला नको. चौघं आले. जेवणाच्या हॉलमध्येच, बाकीच्या मुलांसमोर, गुडघे टेकून दाबून धरलं, इंजेक्शन दिलं, हातापायाला पट्टे बांधले ते सकाळपर्यंत. केस पेपरवर दीड ओळ: अचानक अग्रेसिव्ह, रिस्ट्रेंट दिला. कात्रीचा उल्लेख नाही, दोऱ्याचा नाही. त्यानंतर कितीतरी दिवस तो मुलगा कॉटखाली बसून जेवायचा. आणि तो प्रकार बघणारा बारा वर्षांचा दुसरा एक पोरगा अंथरूण ओलं करायला लागला; त्याचीही नोंद वेगळ्याच कागदावर, वेगळाच त्रास म्हणून.

तो दोरा केवढा होता? सुतळीहून बारीक, मनगटाला घट्ट. त्यानं गळफास बसत नाही. जीवाला धोका कशानं आहे आणि नियम म्हणून काय काढतोय, यातला फरक ज्याला करता येत नाही त्यानं झडती घेऊ नये, असं माझं मत. झडती मी उभ्यानं घेत नाही. समोर स्टूल ओढून बसते. काय काय काढावं लागणार ते आधी एका दमात सांगते, का ते सांगते. मुलानं स्वतःच्या हातानं वस्तू पाकिटात घालायच्या, यादी त्याच्यासमोर लिहायची, सही त्याची, पाकीट कुठल्या कपाटात ठेवलं ते त्यानं बघायचं. मनगटातला बारीक दोरा राहू देते आणि तसं लिहून ठेवते. गळ्यातला ताईत असेल तर डॉक्टरांशी बोलून घरच्या माणसाच्या हातून काढवते. ज्यानं बांधला त्यानंच काढला तर तंटा होत नाही. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात. ज्यांना ती परवडत नाहीत त्यांना चौघांची रात्र मात्र परवडते.

कायदाही वाचून ठेवा, फार लांबलचक नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम 97: बांधायचं ते तातडीची आणि डोळ्यांसमोरची इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हा, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीनं, गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही, स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. नोंद हवी, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे पेशंटच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाला, 24 तासांत कळवायला हवं. एकट्याला कोंडून ठेवणं तर पूर्ण बंद. साखळीला कलम 95 नं बंदी आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीत ऑगस्ट 2001 मध्ये आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेली 28 माणसं मेली, ते अजून सगळ्यांना आठवायला हवं. आणि बांधण्याआधीचं धरणंही साधं नसतं. पालथं पाडून पाठीवर वजन टाकलं की श्वास अडतो. अमेरिकेत 1998 साली 'हार्टफर्ड कुरंट' या वर्तमानपत्रानं अशा धरण्या-बांधण्यातून आणि कोंडण्यातून झालेले 142 मृत्यू शोधून छापले होते. त्यात मुलंही होती.

पहिल्याच दिवशी सगळी कहाणी काढून घेणं

'काय बिघडलंय तुझं' असं न विचारता 'काय घडलं तुझ्याबरोबर' असा विचार करा, हे कार्यशाळेत शिकवतात. विचार करा, असं शिकवतात. नवी मंडळी तो प्रश्न घेऊन थेट कॉटजवळ जातात. सकाळी इंटर्न विचारते, अकराच्या राऊंडला सर सहा विद्यार्थ्यांसमोर विचारतात, दुपारी समाजसेवक, संध्याकाळी नर्सिंगचा प्रोजेक्टवाला विद्यार्थी. निपाणीकडच्या एका मुलीनं शेवटी मला विचारलं होतं, "सिस्टर, एकदाच टेप करून ठेवा की, सगळ्यांना ऐकवा."

मुलाला काय सोसावं लागलं हे कळल्याशिवाय सांभाळून वागता येत नाही, असं नाही. सगळ्यांशीच सांभाळून वागायचं, म्हणजे कुणाचं काय झालंय हे खोदून काढायची गरज उरत नाही. मी पहिल्या दिवशी तीनच गोष्टी विचारते: झोप कशी लागते, कशानं घाबरायला होतं, आणि घाबरलास तर आम्ही काय करावं, काय करू नये. कुणी म्हणतं दार उघडं ठेवा. कुणी म्हणतं मागून हात लावू नका. ते केस पेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, मराठीत आणि कन्नडमध्ये. बाकीचं एका माणसाला सांगू दे, त्याला हवं तेव्हा.

लहानपणीच्या आघातांचा दहा प्रश्नांचा तक्ता अ‍ॅडमिशनलाच भरून घेऊन पोराला 'स्कोअर सात' म्हणणारेही असतात. सॅन दिएगोतल्या 1998 च्या अभ्यासातून निघालेला तो प्रकार हजारो लोकांच्या आरोग्याचा अंदाज बांधायला आहे. एका पोरीच्या कपाळावर आकडा लिहायला नाही.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन देणं

हे देऊच नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली आणि मूल 18 च्या आतलं असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. आधी वचन द्यायचं आणि मग पोलीस उभे करायचे, म्हणजे आणखी एका मोठ्या माणसानं फसवलं. मी बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगते: "तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुला कुणी इजा करतंय असं कळलं तर मला काही जणांना सांगावंच लागतं. कुणाला, कधी, ते आधी तुला सांगेन." काही मुलं त्यावर गप्प बसतात. बसू देत.

फिट 'खोटी' ठरवणं

आपल्या भागात हे फार. मुलगी धाडकन पडते, हातपाय झाडते, डोळे घट्ट मिटलेले. गावात कुणी कांदा हुंगवलेला असतो, कुणी चप्पल. मग वार्डात येऊन आपला शिकलेला माणूस काय करतो? छातीच्या हाडावर मुठीची हाडं घासतो. चिकोडीकडून आलेल्या एका मुलीच्या छातीवर मी निळे-हिरवे डाग बघितलेत, वेगवेगळ्या दिवसांचे. प्रत्येक दवाखान्यानं एकेक तपासणी केलेली. डोळे उघडले की म्हणायचं, "बघा, नाटक होतं."

नाटक नसतं. मन सहन होईना झालं की शरीर असं बंद पडतं, त्यावर त्या मुलीचा ताबा नसतो. खरी अपस्मार आहे की नाही हे डॉक्टर बघतील, ईईजी म्हणजे मेंदूचा आलेख काढतील. एकाच मुलीला दोन्हीही असू शकतात, म्हणून आपण निकाल द्यायचा नाही. माझी पद्धत साधी आहे. गर्दी हटवायची, आधी नातेवाईक. आसपासचं टोचणारं-लागणारं बाजूला, शक्यतो कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटं ओलांडली, ओठ निळे पडले, मार लागला, तर डॉक्टरांना धावत बोलवायचं. नाहीतर जमिनीवर शेजारी बसायचं, हात न लावता, आणि हळू आवाजात तिचं नाव, माझं नाव, आज वार कुठला, ही जागा कुठली, हे सांगत राहायचं. शुद्धीवर आली की पाणी. 'का केलंस' हा प्रश्न नाही, आणि घोळका करून कौतुकही नाही.

सोबतीचा माणूस कोण, हे न बघणं

कलम 87 प्रमाणे 18 च्या आतलं मूल मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा सोबती पूर्ण वेळ त्याच्याजवळ राहतो. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर सोबतीला बाईमाणूस हवं. नियम चांगलाच आहे. पण ज्याच्यामुळे मूल इथं आलं, तोच जर रात्री कॉटशेजारी चटई टाकून झोपत असेल तर?

आपल्याकडं मामाशी लग्न लावायची रीत अजून आहे. पंधरा वर्षांची मुलगी कीटकनाशक पिऊन येते, आणि सोबतीला मामाची आई, डबा घेऊन मामा. ज्या लग्नाला नको म्हणून ती प्यायली त्याच लग्नाची माणसं उशाशी. मुलगी अर्थातच म्हणते, काही नाही, चुकून प्यायले. म्हणून रोज थोडा वेळ सोबतीच्या माणसाला चहाला पाठवायचं आणि मुलाशी एकट्यानं बोलायचं. सगळ्यांच्याच बाबतीत, म्हणजे कुणाला संशय येत नाही. गडबड दिसली तर डॉक्टरांना आणि समाजसेवकांना त्याच दिवशी सांगा. मुलाच्या हिताविरुद्ध वागणारा प्रतिनिधी बदलण्याचा अधिकार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला आहे. बालविवाहाचा प्रकार असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे.

बाकीच्या, पटापट

मुलाच्या डोक्यावरून आपसात कन्नडमध्ये बोलू नका. मूल कन्नड असेल तर मराठीत बोलू नका. न कळणारं बोलणं घाबरलेल्या मुलाला स्वतःबद्दलचंच वाटतं.

रात्रीच्या राऊंडला टॉर्च तोंडावर मारू नका, जमिनीवर मारा. श्वास तेवढ्या उजेडातही दिसतो.

सक्तीचं मुंडण, सक्तीचा युनिफॉर्म: कलम 20 नं बंद. 'उवा झाल्यात' ही सबब चालत नाही, उवांना औषध असतं.

घरचा फोन, टीव्ही, आईची भेट या गोष्टी बक्षीस-शिक्षेसाठी वापरू नका. एका वार्डात 'चांगलं वागलास तर आई' असा तक्ता भिंतीवर लावलेला मी बघितलाय. तो बनवणाऱ्याला फार अभिमान होता.

सोळा वर्षांच्या मुलाला 'बाळा' म्हणू नका. नाव आहे त्याला.

'अंगात येतं' म्हटलं की हसू नका, आणि 'देवीचं असेल बाई' असंही म्हणू नका. अंगात येण्याआधी घरात काय चाललं होतं ते ऐका.

डिस्चार्जनंतरची तारीख टेबलावर ठरवणं

पंधरा दिवसांनी या, असं छापील उत्तर दिलं जातं. दिवाळीनंतर कारखाने पेटलेले असतात, आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, पोरगं त्यांच्याबरोबर फडात असतं किंवा आज्जीकडं. पंधरा दिवसांनी कोण येणार? मग आपणच लिहितो, 'फॉलोअपला आले नाहीत, पालक निष्काळजी.' तारीख देण्याआधी विचारा, टोळी कुठं निघालीय, परत कधी, मधे गोळ्या कुठून घेणार. तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मुलाच्याही कार्डावर लिहा, भाषा निवडता येते आणि फोन फुकट आहे. आणि कार्ड कन्नडमध्ये छापलेलं असलं तरी पुढची तारीख आणि गोळ्यांच्या वेळा हातानं मराठीत लिहा, मग ते घरी जाऊन शेजारच्याकडून वाचून घ्यावं लागत नाही.