बाल कल्याण समितीच्या तारखेची तयारी

यवतमाळला बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या समितीसमोर, वकील म्हणून पहिल्यांदा उभं राहायचं असेल, तर तयारी आदल्या दिवशीच करा आणि सर्वांत आधी वकीलपत्र काढून बघा. सही कोणाची आहे? गावाकडे फी बहुधा मामा नाहीतर काका देतो. कापूस विकून आणलेले पैसे हातावर ठेवतो आणि मग विचारतो, "पोरीनं काय सांगितलं जी?" त्याची काळजी खरी असते. तरी सही आईची असेल तर पक्षकार आई. मामाला तारीख सांगा, बाकी काही नाही. पक्षकाराचं बोलणं बाहेर न सांगण्याचं हे बंधन बार कौन्सिलच्या नियमांत आहेच, शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम १३२ ते कायद्यानं घालतं. जुन्या पुराव्याच्या कायद्यात हेच कलम १२६ होतं. प्रकरण संपलं, वकीलपत्र काढून घेतलं, तरी हे बंधन सुटत नाही.

त्याच कलमात क्लार्क आणि दुभाषाही येतात, हे दोघांनाही आधीच समोर बसवून सांगा. दुभाष्याबाबत मी फार आग्रही आहे. पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, कोलामी बोलणारी मुलगी असेल, तर ऐनवेळी सोबत आलेल्या चुलत्यालाच बोलायला लावतात. मुलगी त्याच्यासमोर तोंड उघडत नाही, आणि उघडलंच तर रात्रीपर्यंत सगळ्या पोडावर बातमी होते. दुसऱ्या तालुक्यातला, नात्यात नसलेला माणूस दोन दिवस आधी ठरवा. त्याचं एसटीचं भाडं खिशातून द्यावं लागलं तरी द्या.

आता झेरॉक्स. वकिलीच्या सुरुवातीला मी एका मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल बसस्टँडजवळच्या दुकानात दिला आणि चहाला गेलो. आठवड्यानं त्याच दुकानातून मला बिल मिळालं ते पाठकोऱ्या कागदावर. उलटून पाहिलं, तर तिरपी आलेली, खराब म्हणून बाजूला टाकलेली अहवालाची प्रत. शाळेचं नाव, बापाची दारू, आईचं निघून जाणं, सगळं वाचता येत होतं. तेव्हापासून मशीनजवळ स्वतः उभा राहतो, खराब प्रती मोजून परत घेतो आणि घरी चुलीत घालतो. फाइलच्या कव्हरवर मुलाचं नाव लिहू नका, प्रकरण क्रमांक पुरे. अहवालाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका, पाठवूही नका.

अहवालाची प्रत हक्कानं मिळेल असं धरून जाऊ नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९९ प्रमाणे समितीसमोरचे अहवाल गोपनीयच असतात. मात्र समितीला योग्य वाटलं तर ती त्यातला सारांश मुलाला, आईबापाला किंवा पालकाला कळवू शकते आणि त्यावर पुरावा द्यायची संधी देऊ शकते. म्हणून सारांश मिळावा असा लेखी अर्ज सोबत ठेवा आणि त्याला कलमाचा आधार द्या.

तालुक्याचा बातमीदार हमखास फोन करतो: "नाव नको साहेब, नुसतं गाव सांगा." बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला बंदी घालतं, आणि ते नाव, पत्ता, शाळा यांवर थांबत नाही. ओळख पटेल असा कुठलाही तपशील त्यात येतो आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शंभर उंबऱ्यांच्या गावात "आश्रमशाळेत नववीला असलेली, बाप नसलेली" एवढं म्हटलं की नाव घेतल्यासारखंच आहे. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ वेगळं लागतं, त्यात कैद झालीच तर सहा महिन्यांपेक्षा कमी नाही. गावसुद्धा सांगू नका.

काळा कोट पिशवीत राहू द्या, मुलं त्याला पोलिसासारखी बिचकतात. पाण्याची बाटली, थोडे मुरमुरे घ्या, वाट बघण्यात दुपार जाते. बाहेरच्या बाकावर मुलीशी प्रकरणाबद्दल बोलू नका, तिथे इतर गावांची माणसंही बसलेली असतात.

परतीच्या एसटीत गावचं कोणी ना कोणी भेटणारच. "काय झालं जी?" ला द्यायचं उत्तर सकाळीच ठरवून ठेवा. मी "पुढची तारीख भेटली" एवढंच म्हणतो आणि यंदा बोंडअळी किती आहे ते विचारतो.