जुन्या धाटणीची आरसी बग्गी चालवताना या चुका टाळा

टामिया या जपानी कंपनीच्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या रेडिओ-नियंत्रित बग्ग्या १९८४ साली बाजारात आल्या आणि वीस वर्षांनी, हॉर्नेट २००४ मध्ये व ग्रासहॉपर २००५ मध्ये, जवळपास त्याच रूपात पुन्हा काढल्या गेल्या. लहानपणी दुकानाच्या काचेआडून पाहिलेली गाडी चाळिशीत हाती येते, तेव्हा ती लगेच मैदानावर पळवण्याची घाई होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. मात्र या गाड्यांच्या बहुतेक मोडतोडीचे मूळ माझ्या मते एकच असते, ते म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या रचनेकडून आजच्या गाडीचे काम मागणे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गाडीच्या उसळीला दोष समजणे. ग्रासहॉपरला तेलाचे शॉक अब्सॉर्बर नाहीतच, केवळ स्प्रिंग आहेत. शिवाय ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या दोन्हींमध्ये मोटर, गिअरबॉक्स आणि मागचा आस हे सगळे एकत्रच वर-खाली होतात. एवढे वजन एकदम हलत असल्यामुळे खडबडीत जमिनीवर गाडीचा मागचा भाग उड्या मारणारच. ही उसळी घालवण्यासाठी कडक स्प्रिंग बसवली, तर ती आणखी वाढते, आणि वेग कमी वाटतो म्हणून जोरदार ब्रशलेस मोटर लावली, तर प्लॅस्टिकचा गिअरबॉक्स तडकतो किंवा गिअरचे दात उडतात. पुष्कळ किटमध्ये मिळणारी साधी ५४० आकाराची मोटर या गाड्यांना पुरेशी आहे. सुधारणा करायचीच असेल, तर आधी आस ज्यांत फिरतो त्या प्लॅस्टिकच्या बुशांच्या (कड्यांच्या) जागी बॉल बेअरिंग बसवावेत. टामियाच्या अनेक गाड्यांत ११ मिमी बाहेरील व्यास, ५ मिमी आतील व्यास आणि ४ मिमी जाडी हेच माप वारंवार येते. प्लॅस्टिकच्या बुशात धूळ शिरली की आस झिजतो आणि चाक डगमगू लागते, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही.

वळण घेण्याची पद्धतही वेगळी आहे. या बग्ग्यांचे बरेचसे वजन मागे असते, म्हणून थ्रॉटल (रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर) दाबून ठेवला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. वळणाच्या अलीकडे बोट सैल करावे, पुढच्या चाकांवर वजन येऊ द्यावे, गाडी वळू लागली की पुन्हा हळूहळू थ्रॉटल द्यावा. खरी गंमत याच खेळात आहे, आणि एकदा हात बसला की जास्त ताकदीची मोटर हवीशीच वाटत नाही.

स्क्रूच्या बाबतीत होणारी चूक दिसायला किरकोळ असली, तरी तिचे नुकसान कायमचे असते. जपानी किटमधील चौफुलीच्या खाचेचे स्क्रू जेआयएस या जपानी मानकाचे असतात. आपल्या घरी असलेला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांत बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की वर सरकतो आणि खाचेच्या कडा खाऊन टाकतो. मी पहिल्या गाडीचे चार स्क्रू असेच गुळगुळीत करून बसलो होतो. दुसरी काळजी प्लॅस्टिकमधल्या आट्यांची घ्यावी. काढलेला स्क्रू परत बसवताना तो आधी उलटा फिरवावा. ‘टक’ असा बारीक धक्का बोटांना जाणवला की स्क्रू जुन्या आट्यांत उतरला असे समजावे आणि मग सुलटा फिरवून हलक्या हाताने आवळावा. तसे न करता सरळ दाबून फिरवला, तर दर वेळी नवे आटे पडतात आणि तीन-चार खोलण्यांत भोक सैल होते. स्क्रू सुटू नये म्हणून थ्रेडलॉक वापरायचे असेल, तर ते फक्त धातूवर धातू असेल तिथेच लावावे, कारण एबीएस प्लॅस्टिकला त्याने भेगा पडतात.

बॅटरीत हयगय अजिबात चालत नाही. या गाड्या मुळात ७.२ व्होल्टच्या निकेल बॅटरीसाठी बनल्या. दोन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) ७.४ व्होल्टची म्हणवते, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ती ८.४ व्होल्ट देते, आणि प्रत्येक सेल सुमारे ३ व्होल्टच्या खाली उतरू दिला तर ती बिघडते. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या जुन्या किंवा साध्या स्पीड कंट्रोलरमध्ये लायपोसाठीचा कटऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरण्याआधी मोटर थांबवणारी सोय, नसू शकतो. तो नसेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणारा छोटा व्होल्टेज अलार्म जोडावा किंवा निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरीच वापरावी. चार्जिंग सुरू असताना घराबाहेर जाऊ नये. जुन्या गाडीत तीन टप्प्यांचा यांत्रिक स्पीड कंट्रोलर असेल, तर त्याचा रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो, म्हणून त्याला वायर टेकलेली नाही ना, हे पाहावे.

मुंबईत सर्वांत जास्त गाड्या समुद्रामुळे जात असाव्यात. टामियाची १९७९ ची सँड स्कॉर्चर वाळूसाठीच ओळखली जाते आणि तिचे रेडिओचे सामान बंद डब्यात असते, पण मोटर, बेअरिंग आणि धातूचे भाग त्या डब्याबाहेरच राहतात. मी अक्सा किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवरून गाडी पळवली आणि घरी येऊन ती तशीच पिशवीत ठेवली. आठ दिवसांनी स्क्रूंवर तांबूस गंज आणि सस्पेन्शनच्या धातूच्या दांड्यांवर पांढरी भुकटी दिसली, आणि मोटर हाताने फिरवताना खरखर लागत होती. किनाऱ्यावर जायचेच असेल, तर कोरडी वाळू निवडावी, गर्दी सुरू होण्याआधी पहाटे जावे, आणि परतल्यावर त्याच दिवशी चाके काढून, ओलसर फडक्याने मीठ पुसून, बेअरिंगला तेलाचा एक थेंब द्यावा. बाहेरून दिसणाऱ्या सांध्यांना ग्रीस फासू नये, कारण वाळू त्यालाच चिकटते आणि सांधा कानशीसारखा घासला जातो. मैदानाच्या लाल मातीवर गाडी जास्त टिकते, पण आसपास मुले किंवा कुत्री असतील तर थांबावे.

पावसाळ्यात गाडी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, आणि लायपो त्याआधी प्रत्येक सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास आणून वेगळी ठेवावी. टायरवर वजन पडून ते चपटे होऊ नयेत म्हणून गाडी चाके अधांतरी राहतील अशी ठोकळ्यावर बसवावी.

गाडी सुरू करताना आधी रिमोट आणि मग गाडी, बंद करताना आधी गाडी आणि मग रिमोट, हा क्रम चुकवू नये. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या संचात तर तो चुकला की गाडी आपोआप सुसाट सुटू शकते. दोन मित्रांच्या संचांत एकाच वारंवारितेचे क्रिस्टल (वारंवारिता ठरवणारे सुटे भाग) असतील, तरीही हेच घडते, म्हणून एकत्र गाड्या चालवायच्या असतील तर २.४ गिगाहर्ट्झचा संच घालून घ्यावा आणि मूळ रिमोट शोभेसाठी जपून ठेवावा.