जुन्या मूक कॉमेडी दाखवताना काळं फासलेल्या तोंडाचं काय करायचं

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये महिन्यातून एकदा पडदा लावून आम्ही जुन्या मूक कॉमेडी शॉर्ट्स बघतो, आजी-आजोबा, पोरंटोरं सगळे येतात. एकदा मी काहीच तयारी न करता अमेरिकन मूक कॉमेडीतला मोठा नट बस्टर कीटन याची १९२० सालची 'नेबर्स' लावली. त्यात कीटनचं तोंड काळं होतं आणि पोलिसाला तो काळा माणूस वाटतो. पोरं खो खो हसली. मागच्या खुर्चीवर आमच्याच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहणारा, आफ्रिकेतून पुण्याला शिकायला आलेला मुलगा बसला होता, तो हसला नाही, आणि मी त्या दिवशी कुणालाच काही बोललो नाही. ते मला अजून टोचतं. त्यानंतर करत करत जी पद्धत बसली ती इथे लिहितोय, कुणी सोसायटीत, शाळेत किंवा घरी हे पिक्चर दाखवणार असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी फिल्म एकट्याने पूर्ण बघा, हातात कागद घेऊन. टू-रीलर, म्हणजे दोन रिळांची फिल्म, साधारण वीस मिनिटांची असते, त्यामुळे कंटाळा यायचा प्रश्न नाही. कुठल्या मिनिटाला काय येतं ते लिहा आणि टायटल कार्ड, म्हणजे मधे मधे पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या पाट्या, नीट वाचा, कारण खूपदा खरी खोच तिथेच असते. काळ्या नोकराच्या तोंडचं इंग्रजी मुद्दाम मोडकंतोडकं छापायचे, म्हणजे त्याने तोंड उघडायच्या आधीच प्रेक्षकाने त्याला अडाणी समजावं. कीटनच्याच काळातला दुसरा कॉमेडी नट हॅरॉल्ड लॉईड याची 'हॉन्टेड स्पूक्स', तीही १९२० चीच, त्यात भुताच्या भीतीने थरथरणारे काळे नोकर आहेत, डोळे विस्फारलेले वगैरे, तो एक ठरलेला साचाच होता. अजून एक, स्पीड तपासा. तेव्हाचे पिक्चर बऱ्याचदा आजच्या चोवीस फ्रेमपेक्षा हळू चालवायचे, आणि नेटवरच्या काही कॉप्या भराभरा पळतात, त्यात माणसं अजूनच बाहुल्यांसारखी दिसतात. प्लेअरमध्ये पॉइंट एट वगैरे करून बघा, चेहरे एकदम माणसांचे वाटायला लागतात.

सीन कापू नका. मी सुरुवातीला कापायचो, पण पोरं तीच फिल्म नंतर मोबाईलवर आख्खी बघतात आणि तेव्हा शेजारी कुणीच नसतं. आणि 'त्या काळी चालायचं' हे वाक्य तर अजिबात वापरू नका. कुणाला चालायचं? १९१५ मध्ये काळ्यांना वाईट रंगवणारा 'बर्थ ऑफ अ नेशन' हा पिक्चर आला तेव्हा अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी शहरोशहरी विरोध केला होता, म्हणजे बोलणारे तेव्हाही होते, त्यांचं ऐकलं गेलं नाही एवढंच.

सुरू करायच्या आधी दोन मिनिटं बोला, भाषण नको. मी एवढंच सांगतो की १८३० च्या सुमारास थॉमस राईस नावाचा गोरा अमेरिकन नट तोंडाला काळं लावून 'जिम क्रो' नावाचं सोंग करायचा, त्यातून मिन्स्ट्रेल शोची लाट आली, गोरी माणसं जळक्या बुचाची काजळी फासून काळ्यांची नक्कल करायची. पुढे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना त्याच सोंगाचं नाव चिकटलं. कॉमेडीवाल्यांकडे वीसच मिनिटं, त्यात पात्र उभं करायला वेळ कुठला, मग स्टेजवरचा हा तयार साचा त्यांनी उचलला.

आता पोरं हमखास विचारतील असा प्रश्न, मला एका सातवीतल्या मुलीने विचारला होता: बालगंधर्वसुद्धा बाई व्हायचे ना, मग हे का वाईट? प्रश्न टाळू नका, इथेच सगळा विषय आहे. बालगंधर्वांची स्त्री इतकी देखणी असायची की बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला बघायच्या. ब्लॅकफेसचं, म्हणजे तोंड काळं करून केलेलं, सोंग बघून कुठल्याही काळ्या माणसाला आपण असं दिसावं वाटलं नसतं, ते त्याला खाली दाखवायलाच काढलेलं. तमाशातला सोंगाड्या राजाची, पाटलाची टर उडवतो, तिथे हसू खालून वर जातं, इथे ते वरून खाली येतं. हे मुलांना लगेच कळतं. आणि तोंडाला काळं फासणं म्हणजे बेअब्रू हे आपल्या मराठीतही आहे, काळ्या पोरीला 'उजळ' व्हायची क्रीम आपणच आणून देतो, ते पण बोला, म्हणजे हा फक्त अमेरिकेचा दोष राहत नाही.

फिल्म चालू असताना मात्र गप्प बसा, दर गॅगला पॉझ करून समजावत बसलात की कुणी परत येणार नाही. एखाद्याच सीनला थांबा. मी १९२१ च्या 'द प्लेहाऊस'ला थांबतो. त्यात एका फ्रेममध्ये नऊ कीटन मिन्स्ट्रेल बनून ओळीने बसलेत. कॅमेरामन एल्गिन लेस्ली, लेन्सपुढे झडपा लावून एकेक पट्टी उघडायची, फिल्म मागे गुंडाळायची, पुन्हा तेच, आणि कॅमेरा हाताने फिरवायचा, दरवेळी त्याच वेगात. कारागिरी बघून हात जोडावेसे वाटतात, आणि त्याच ओळीत काजळी फासलेली तोंडं आहेत. दोन्ही गोष्टी सांगा, एकीने दुसरी झाकू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, साच्याच्या आतला माणूस दाखवा. 'हॉन्टेड स्पूक्स'मधला लहान मुलगा अर्नेस्ट मॉरिसन, सगळे त्याला सनशाइन सॅमी म्हणायचे, सातेक वर्षांचा असेल, पुढे १९२२ पासूनच्या 'अवर गँग' या लहान मुलांच्या कॉमेडी मालिकेतही तो होता. त्याचं नाव मुलांकडून म्हणवून घ्या आणि फक्त त्याच्याकडे बघत तो सीन परत लावा, टायमिंग बघा पोराचं. आणि बर्ट विल्यम्स. बहामामध्ये जन्मलेला, स्वतः काळा, अफाट नट, तरी त्याला काजळी लावूनच उभं राहावं लागायचं, १९१६ च्या 'अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर'मध्येही तसंच. त्याची १९१३ ची एक फिल्म कधी रिलीजच झाली नाही, रिळं न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये पडून होती, २०१४ मध्ये लोकांना दाखवली. त्यात बर्टच्या तोंडावर काजळी आहेच, पण आजूबाजूचे काळे नट आपल्याच चेहऱ्याने, छान कपडे घालून नाचतायत, आणि बर्ट एका बाईबरोबर मेरी-गो-राउंडवर बसलाय, प्रेमात. लॉ कॉलेज रोडला आपल्याकडेच फिल्म अर्काइव्ह आहे, रीळ जपून ठेवल्याने काय होतं ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

बर्टचं हे फुटेज शेवटी लावा, कॉमेडीच्या आधी नको. आणि संपल्यावर ट्यूबलाईट लगेच लावू नका, दोन मिनिटं अंधार राहू दे, मुलं अंधारात जे विचारतात ते उजेडात विचारत नाहीत. हॉलमध्ये कुणी काळा पाहुणा असेल तर त्याला उठवून 'तुला काय वाटतं' असं सगळ्यांसमोर विचारू नका, त्याला आदल्या दिवशीच भेटून काय दाखवणार ते सांगा. मी आता तसंच करतो. तो आमचा शेजारी मुलगा पुढच्या वेळी आला, आणि बर्टची फिल्म त्याने पेनड्राइव्हवर मागून नेली.