ऑफसेट की डिजिटल? आधी रंगाचं बघा

‘पाचशे प्रतींच्या आत डिजिटल, पुढे ऑफसेट’ हा छपाईचा सल्ला ठाणे स्टेशनपासून वागळे इस्टेटपर्यंत कुणीही फुकट देतं. ऑफसेट म्हणजे प्लेट बनवून मशीनवर छापणं, डिजिटल म्हणजे फाइलवरून थेट छापणं. अगदीच चूक नाही तो सल्ला, पण त्याच्याच भरवशावर मी एकदा सपशेल तोंडावर आपटलोय.

फाइल तयार आहे, चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडलंय, फॉन्ट कर्व्ह केलेत (अक्षरांचे आकार बनवलेत), असं धरून चालतो.

भाव काढताना २००, ५०० आणि १,००० प्रतींचे दर दोन्हीकडून घ्या. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेट आणि मशीनवर रंग जुळेपर्यंत वाया जाणारा कागद, हा खर्च शंभर प्रती काढा नाहीतर पाच हजार, तेवढाच. डिजिटलला प्लेट नाही, पण मीटर कागदागणिक पडतो. व्हिजिटिंग कार्डाचा हिशोब निराळा: अनेक गिऱ्हाइकांची कार्डं एकाच प्लेटवर बसवतात, म्हणून हजार कार्डं ऑफसेटला स्वस्तात निघतात.

प्रत्येकावर वेगळं नाव असलेली प्रमाणपत्रं डिजिटललाच. लेटरहेड मात्र ऑफसेटला. डिजिटलचा टोनर (भुकटीची शाई) ऑफिसातल्या लेझर प्रिंटरच्या उष्णतेने पुन्हा मऊ होतो आणि लोगो पुसट होऊन बाहेर येतो.

आता रंग. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये एका गिऱ्हाइकाचा स्टॉल होता. कार्डं थोडीच हवी होती म्हणून डिजिटलला काढली, माहितीपत्रकं ऑफसेटला. फाइल एकच. टेबलावर शेजारी शेजारी ठेवली तर कार्डावरचा लोगो निळा आणि पत्रकावरचा चक्क जांभळा. मालकांचे वडील दोन्ही हातात धरून म्हणाले, “आपल्या कंपन्या दोन कधी झाल्या?”

चूक माझी होती. लोगो आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या रंगपद्धतीतच, राहिला होता आणि दोन्हीकडे त्याचं रूपांतर आपापल्या पद्धतीने झालं. छपाईत निळा होतो सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) मिळून. मॅजेंटाचं प्रमाण सायनच्या फार जवळ गेलं की जांभळेपणा आलाच. तेव्हापासून निळ्यात सायन १०० टक्के असेल तर मॅजेंटा ७० टक्क्यांच्या वर मी जाऊ देत नाही आणि आकडे स्वतः भरतो. लोगोच्या रंगावरच धंदा उभा असेल तर ऑफसेटला पॅन्टोन नंबर (तयार रंगाचा ठरलेला क्रमांक) देऊन त्या रंगाची वेगळी प्लेट लावून घ्या. पैसे जातात, जाऊ द्या. आणि एकाच टेबलावर येणाऱ्या वस्तू दोन पद्धतींत वाटू नका, चार पैसे वाचत असले तरी.

ऑफसेटच्या कामाला डिजिटल प्रूफ दाखवून सही मागतात. ते शुद्धलेखन तपासायला ठीक, रंगाला नाही. मशीन सुरू झाल्यावर छापखान्यात स्वतः जा, तुमच्याच कागदावरचा छापील ताव दाराबाहेर उन्हात बघा (ट्यूबलाइटखाली कधीच नाही) आणि सही त्यावर करा. गुळगुळीत आर्ट पेपरवर झळकणारा रंग साध्या बाँड पेपरवर शाई शोषली गेल्याने मंद दिसतो, त्यात छापखान्याचा दोष नाही.

घडी असेल तर आधी क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून रेघ पाडणं) सांगा. डिजिटलचा टोनर घडीवर तडकतो, पांढरी रेघ दिसते.

ऑफसेटची शाई वाळायला एक दिवस धराच. दिवाळीच्या तोंडावर मशीन रिकामं मिळणं कठीण, म्हणून त्या दिवसांतलं काम गणपतीआधीच टाकून मोकळे व्हा.